गाडीची खोड

माझ्या जावयाने एका सकाळी दुकानाच्या काउंटरवर मोबाइल आडवा ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे पाहा. डावीकडं तुमची जनरेशन, उजवीकडं नवी जनरेशन."

मी चष्मा पुसून पाहिलं. डावीकडे माझ्याच गाडीची जुळी बहीण उभी होती. छोटी एसयूव्ही, चौकोनी तोंड, उंच चाकं. नऊ वर्षांपूर्वी मी घेतली तेव्हा लोक हिलाच नवी म्हणत होते. उजवीकडे त्याच नावाची एक फुगीर वस्तू होती, आणि तिचे दिवे इतके बारीक होते की गाडी अजून झोपेतून उठायची आहे असं वाटावं. दोघींच्या खाली तक्ता. सनरूफ: नाही, आहे. मोठा स्क्रीन: नाही, आहे. बोललेलं ऐकते: नाही, आहे. माझ्या गाडीच्या रांगेत लाल फुल्याच फुल्या. तक्ते मांडणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. ज्याच्याकडे गाडीत भरायला काही नसतं, तो तक्ते भरत बसतो.

आणि हा जनरेशन शब्द! आमच्याकडे पिढी बदलते ती कुणाला तरी स्मशानात पोहोचवून आल्यावर. या कंपन्यांची पिढी पाच-सहा वर्षांत बदलते. मरत कुणीच नाही, फक्त जुनीचा भाव पडतो. हे मी जावयाला बोलून दाखवलं. तो एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसतो, घरी आला की गाड्यांचे व्हिडिओ पाहतो आणि स्वतः मात्र मोटरसायकलवर फिरतो. कुठल्या गाडीचा दरवाजा किती जड आहे हे त्याला पाठ आहे, आणि एकही दरवाजा त्याच्या मालकीचा नाही.

"मामा, तुमी जुन्या काळात अडकून राह्यले," तो म्हणाला.

"जावईबापू, मी इचोड्यात अडकून राह्यलो. काळाचं मले माहीत नाही."

इचोड्याला, हैदराबाद-नागपूर रस्त्याच्या कडेला माझं दुकान आहे. दोर, कासरे, दावी, वेसणी, घुंगरं, विळे, फवारणीचे पंप, ताडपत्र्या. आमच्या भागात जनावर विकलं तरी त्याचं दावं विकणारा देत नाही. दावं दिलं की गोठ्याची बरकत त्याच्याबरोबर जाते म्हणतात. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. माझं अर्धं दुकान या एका रीतीवर चालतं, म्हणून मी तिला कधी अंधश्रद्धा म्हणालो नाही. दुकानात बायको बसते. मी आठवड्यातले चार दिवस गाडीच्या मागच्या सीटा पाडून, माल कोंबून आसपासच्या गावांच्या बाजारांना जात आलो. ताडपत्रीवर बसायचं, ओरडून घसा बसवायचा, दुपारी भाकर खायची, आणि परतताना गाडीत एकट्याने असायचं. माझं खरं आयुष्य एवढंच आहे. दुकानात दिवसभर बसलो की मला गिऱ्हाइकांचा कंटाळा येतो, आणि संध्याकाळपर्यंत स्वतःचाही.

हे सगळं माझ्या डाव्या पायावर येऊन अडलं होतं, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. कापूसवेचणीच्या हंगामात कंबर धरली, मग नस दबली, मग डावा पाय घोट्यापासून ढिला पडला. चालताना चप्पल घासायची, लोकांना एवढंच दिसायचं. पण क्लचवरून पाय पुरता उचलला गेला की नाही, हे मला कळेनासं झालं. तो अर्धा तसाच राहायचा, आणि गाडीतून जळका वास यायचा. चार महिन्यांत क्लचप्लेट दोनदा बदलली. मेकॅनिकने पहिल्या वेळी गाडीकडे पाहिलं, दुसऱ्या वेळी माझ्या पायाकडे पाहिलं, आणि भला माणूस असल्यामुळे तो गप्प राहिला. आदिलाबादच्या डॉक्टरने मात्र स्पष्ट सांगितलं की नस सावरेल की नाही सांगता येत नाही, गाडी चालवायचीच असेल तर बिनक्लचची चालवा.

घरी येऊन मी सांगितलं, गाडी जुनी झाली, क्लच खाते.

नऊ वर्षांत जिने मला एकदाही रस्त्यावर टाकलं नाही, तिच्यावर मी बेधडक आळ घेतला. मुक्या वस्तूला दोष देणं फार सोपं असतं. जावयाला तेवढंच निमित्त हवं होतं. तो तक्ता घेऊन धावत आला. तेव्हा त्या तक्त्यातली पहिली लाल फुली माझ्याच हातची होती, हे मी मान्य करतो, आणि मग इतरांना नावं ठेवतो.

आम्ही आदिलाबादला शोरूममध्ये गेलो. आत शिरताच अत्तराचा वास आला. गाडीच्या दुकानात रबराचा आणि ऑइलचा वास यायला हवा. इथे लग्नघरात आल्यासारखं वाटलं. एक मुलगी पुढे आली. आधी तेलुगूत बोलली, माझं धोतर पाहून हिंदीत आली, जावयाचा मोबाइल पाहून इंग्रजीत गेली. मराठी तिला येत होती, कारण फोनवर ती आईशी मराठीतच बोलत होती. पण गिऱ्हाइकाशी मराठी बोललं की गाडीचा दर्जा जातो, असं त्यांना शिकवत असावेत.

तिने पहिल्यांदा छत उघडून दाखवलं. म्हणाली, यातून आभाळ दिसतं. आमच्या आदिलाबादेत मे महिन्यात आभाळाकडे माणूस हात जोडून म्हणतो की बाबा रे, थोडा वेळ तोंड लपव. आणि इथे ते डोक्यावर घ्यायला लोक जास्तीचे पैसे मोजतात! मी तिला विचारलं, दुपारी दोन वाजता हे उघडून कुणी बसलंय का? ती गोड हसली. शोरूममध्ये ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्याला गोड हसतात.

मग गाडीशी बोलायची पाळी आली. जावई इंग्रजीत म्हणाला, खिडकी उघड. गाडीने खिडकी उघडली. मी मराठीत म्हणालो, बंद कर. गाडीने कुठल्या तरी रेडिओवर गाणं लावलं. जावई इतका खूश झाला जणू त्याचं पोर पहिल्यांदा बोललं होतं.

"मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं ठेवलं तर चालतं का?" मी हिंदीत विचारलं.

"जरूर, सर. सिर्फ बेल्ट लगाना पडेगा, नहीं तो गाडी आवाज करेगी."

"किसको बेल्ट?"

"पोतं को, सर," असं ती बोलून गेली, मग चटकन सावरून "बोरी को" म्हणाली. जन्माची भाषा अशी ज्वारीच्या पोत्यावर ठेच लागून बाहेर पडली, आणि त्या क्षणापुरती मला ती मुलगी आवडली.

शेवटी तिने मला स्टिअरिंगपुढे बसवलं. ऑटोमॅटिक गाडी. गिअरच्या जागी एक ठोंब्या दांडा, खाली दोनच पेडलं. डावीकडे, जिथे क्लच असतो, तिथे एक तिरपी पट्टी बसवलेली होती. मी विचारलं, ही कशासाठी? ती म्हणाली, बायां पैर रखने के लिए, सर, इसको कुछ काम नहीं है. माझा पाय त्या पट्टीवर होता. मी तो उचलून खाली ठेवला. बाहेर येऊन मी जावयाला म्हणालो की ही गाडी नाही, हा पाळणा आहे, आणि मी अजून पाळण्यात बसायच्या वयाचा झालो नाही. त्याला वाटलं मी नेहमीसारखा खेकसलो. मला आतून रडू येत होतं.

तरीही गाडी ठरली. ठरवली बायकोने आणि लेकीने. माझं म्हणणं होतं की नवी नकोच, वापरलेली पण मधल्या पिढीची एखादी घेऊ, क्लचवाली. जावयाने मधल्या पिढीचाही तक्ता काढला. त्यात लाल-हिरव्या खुणा निम्म्या-निम्म्या होत्या, आणि मला काय हवं होतं तो रकाना कुणीच छापलेला नव्हता. मला पाय हवा होता. पण ते सांगायचं तर आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं. मी गप्प बसलो आणि दोर खरेदी करायला येणाऱ्यांना सांगू लागलो की माझी गाडी विकायची आहे.

पंधरा दिवसांनी मुधोळकडच्या एका गावातून एक म्हातारा आला. बरोबर त्याची सून. मुलगा गल्फात, इथे घर, कापूस आणि ज्वारी हे दोघं पाहतात. सून बासरजवळ शाळेत शिकवायला जाते, बसचे हाल सोसते, म्हणून मुलाने तिकडून निरोप पाठवला होता की जुनी का होईना गाडी घ्या. चालवणार होती सून. पारखणार होता म्हातारा. त्याला गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण बैलातलं सगळं कळत होतं, आणि त्याला त्यात फार फरक वाटत नव्हता.

जावई तक्ता घेऊन तयार होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आधी तो गाडीपासून वीस पावलं लांब जाऊन बसला आणि तिला नुसतं पाहत राहिला. मग तिच्याभोवती उलटा फिरला. चाकांशी वाकला. बोनेट उघडायला लावून नाक आत घातलं. सुनेला म्हणाला, "चालव. पहिले रिकामी. मंग भरून." माझ्या दुकानातली दोरांची बंडलं त्याने गाडीत भरायला लावली, आणि मी, तो आणि सून असे तिघे निर्मलच्या दिशेने निघालो.

त्या बाईने गाडी चालवली आणि मी मागच्या सीटवर बसून ऐकत होतो. पहिला, दुसरा, तिसरा. कुठे धक्का नाही, कुठे जळका वास नाही. वळणावर तिने गिअर असा उतरवला की गाडीला कळलंही नसेल. नऊ वर्षं मी जिला माझी म्हणत होतो, ती चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेत होती, आणि तेही दुसऱ्याच्या पायाखाली. मला त्या बाईचा हेवा वाटला. हेवा लपवायला मी तिला सांगितलं की हॉर्न जास्त वाजवू नका.

परत आल्यावर ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, क्लच तं नवाच हाये."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "गाडी जुनी अन् क्लच नवा. काऊन?"

"झिजला होता."

"एवढी गुणाची गाडी. इकून काऊन राह्यले?"

मी म्हटलं, नवी घेतोय. तो हसला. त्याने आपला काळा, भेगाळलेला तळवा बोनेटवर ठेवला आणि म्हणाला, "मालक, खोड सांगा."

आमच्या बैलबाजारात ही दुसरी रीत. विकणारा बाकी काय वाटेल त्या थापा मारू शकतो. बैलाचं वय चोरेल, शिंगांना तेल लावेल, काल पेंड चारून आणलेल्या बैलाला जन्माचा सशक्त म्हणेल. ते सगळे करतात, त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. पण घेणाऱ्याने पाठीवर हात ठेवून खोड विचारली की खरं बोलायचं. मारका असेल तर मारका, चिखलात बसत असेल तर बसतो. तिथे जो खोटं बोलला, त्याच्या दावणीकडे पुढच्या बाजारात कुणी वळून पाहत नाही. आणि मी तर त्या बाजारात दावी विकणारा माणूस.

जावई मध्ये पडला. "खोड म्हणजे, आजोबा, ही जुनी जनरेशन हाये ना, तिचा क्लच लवकर..."

"तुमी थांबा, बापू," म्हातारा म्हणाला. हात बोनेटवर तसाच होता.

माझ्या दुकानाच्या पायरीवर बायको उभी होती. जावई समोर. दोन गिऱ्हाइकं विळे हातात घेऊन थांबलेली. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला, सगळ्यांत जास्त त्या म्हाताऱ्याचा, की कोण कुठला मुधोळचा शेतकरी, गाडीला बैल समजतो, आणि मला भर रस्त्यात उभा करून उलटतपासणी घेतो.

"खोड गाडीत नाही," मी म्हणालो. "माह्या डाव्या पायात हाये. पाय पडला. क्लच मीच जाळला, दोनदा. गाडीची काही चूक नाही."

रस्त्यावरून ट्रक जात राहिले. बायको आत निघून गेली. नंतर कळलं की तिला ते कधीचं ठाऊक होतं. माझी डावी चप्पल टाचेपेक्षा बोटांकडे जास्त झिजते हे तिने महिन्यांपूर्वीच पाहिलं होतं, आणि मी सांगेन म्हणून वाट पाहत होती. जावई मोबाइल खिशात ठेवत म्हणाला, "मामा, सांगायचं तं पहिले." त्या एका वाक्यात मात्र त्याच्या तोंडी जनरेशन नव्हती.

म्हाताऱ्याने बोनेटवरून हात काढला आणि खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं. उपरण्याखाली बोटं धरून भाव करायची पद्धत आता बैलबाजारातही कमी झाली आहे. जावयाला वाटलं म्हातारा हात पुसतोय. चार वेळा बोटं दाबून आमचं जमलं. किती, ते उपरण्याखालीच राहू द्यावं अशी रीत आहे.

मग त्याने बंडीच्या खिशातून काळा दोरा ओवलेली एक नवी कडी काढली आणि हात पुढे केला. आपलं दावं घेऊन आला होता. मी किल्ली काढून त्याच्या कडीत घातली. दुसरी किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला, दाव्यांच्या रांगेत लटकत होती. ती मी काढली नाही, आणि त्यानेही मागितली नाही.

जावयाचा जीव वरखाली झाला. "मामा, दोन्ही किल्ल्या द्याव्या लागतात! असं कोणी ठेवते का? लोक चोर म्हणतीन."

"दावं कोणी देते का, बापू?" म्हाताऱ्याने त्याला विचारलं, अगदी लहान मुलाला विचारावं तसं. सून गाडी सुरू करून बसली. गाडी गेली तेव्हा मी आत जाऊन दोर मोजत बसलो. मोजायची काही गरज नव्हती.

नवी गाडी आली ती सोहळा करून. तिच्यावर रेशमी कापड घातलं होतं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून ओढायचं, मग शोरूममधल्या पोरांनी टाळ्या वाजवायच्या, मग दाराएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात धरून फोटो काढायचा, मग केक. गाडी घ्यायला गेलेल्या माणसाच्या तोंडात केक का कोंबतात? मी पुठ्ठ्याची किल्ली धरली नाही. फोटोत जावयानेच ती धरली आहे, आणि अनोळखी माणसाला गाडी त्याचीच वाटेल. घरापर्यंत चालवतही तोच आला.

त्यानंतर दोन महिने ती दुकानाच्या बाजूला माझ्याच ताडपत्रीखाली उभी होती. शेजारचे येऊन ताडपत्री उचलून पाहत, मायलेज विचारत आणि दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात मान डोलवावी तशी मान डोलवून जात. रविवारी जावई येऊन तिला फिरवून आणायचा आणि तिला आज काय नवं बोलता आलं ते सांगायचा. मी तिच्यात बसलो नाही. सांगताना सांगायचो की ती भिकार आहे, तिच्या डिकीत कासऱ्यांची चार बंडलं मावत नाहीत, तिची स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारकी आहे, रस्त्यावर बैल आडवा आला तर बैलाआधी हीच घाबरेल. यातलं बरंचसं खरं होतं. पण मी बसत नव्हतो त्याचं कारण हे नव्हतं. ती चालवली की पाय गेला हे पक्कं झालं असतं. तेवढं मला नको होतं. माझ्या बाजारांतल्या जागा एकेक करून दुसऱ्या दोरवाल्याने धरल्या, आणि मी काउंटरमागे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तुच्छ लेखत राहिलो.

एका सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. म्हाताऱ्याची सून बासरहून बोलत होती. गाडीची पूजा करायला ते देवळात गेले होते. पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि घाईघाईत तिने फुलांची पिशवी डिकीत ठेवून डिकी आपटली. किल्ली पिशवीत. दारं आधीच लावलेली.

"काका, इथं एक जण तार घालून उघडून देतो म्हणते. पण मामा हात लावू देऊन नाही राह्यले. म्हणतात, दावं इचोड्याले हाये, तं परक्याची तार काऊन?"

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, "मालकाले म्हणा, दावं घेऊन या."

मी फोन ठेवला आणि मनसोक्त शिव्या घातल्या. बाईला, म्हाताऱ्याला, लिंबांना. बैलसुद्धा स्वतःचं दावं पोटात घालून उभा राहत नाही! ही अक्कल आमच्याच लोकांना असू शकते, की गाडीला दावं असतं म्हणून दुसरी किल्ली सव्वाशे किलोमीटरवर खिळ्याला टांगून ठेवायची. आणि ती टांगणारा मीच होतो. जावयाला फोन केला, तो हैदराबादला गेला होता. बसने जावं तर निर्मलला बदला, भैंशाला बदला, संध्याकाळच व्हायची.

बायकोने खिळ्यावरची किल्ली काढली, पदराने पुसली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "बाहेर उभी हाये ना एक," ती म्हणाली. "मी बी येतो. बासर पाहून लय वर्षं झाली."

"मले ती गाडी येत नाही."

"तिले तुमी बी येत नाही. दोघंबी शिका."

तिने शटर अर्धं ओढलं, ताडपत्री काढली आणि पाच-सात किलो ज्वारीची पिशवी मागच्या सीटवर टाकून पुढे येऊन बसली. मग मलाही बसावं लागलं. गाडी सुरू केली आणि घंटा वाजू लागली. वाजतच राहिली. बायको उतरली, मागचं दार उघडलं आणि ज्वारीला बेल्ट बांधून आली. घंटा थांबली. ती म्हणाली, "माणसापरीस ज्वारीची काळजी जास्त घेते ही."

मी ठोंब्या मागे ओढला. गाडी सरकली, आणि रस्त्यावर येताच माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला पुढे गेला. उचलायला तो आळशी झाला होता, दाबायला नाही. समोर रुंद ब्रेक होता. त्याने तो असा दाबला की गाडी जागच्या जागी थबकली, बायकोचं कपाळ काचेपर्यंत जाऊन बेल्टने मागे आलं, आणि मागचा ट्रकवाला माझ्या आईवडिलांपर्यंत पोहोचला.

"त्याले मागं घ्या," बायको कपाळ चोळत म्हणाली. "तिथं त्याचं काम नाही आता."

मी हाताने गुडघा धरून पाय मागे ओढला आणि त्या तिरप्या पट्टीवर ठेवला. निर्मलपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. गाडी बोलत होती. रेघ ओलांडली की बोलायची, ट्रक जवळ आला की बोलायची. मी तिला दोनदा गप्प बस म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तिने गाणं लावलं. पण चालली. हे मला सांगितलंच पाहिजे. घाट उतरली, भैंशाच्या गर्दीतून सुटली, मुधोळ मागे पडलं, आणि सगळ्या रस्त्यात ती कुठे बंद पडली नाही, कुठे जळका वास आला नाही. मी शोधत होतो, तरी आला नाही.

बासरला देवळाबाहेरच्या कडुलिंबाखाली माझी जुनी गाडी उभी होती. हारातली फुलं उन्हाने मलूल झाली होती, चाकाखालची लिंबं तशीच. मी किल्ली लावली. दार त्याच आवाजाने उघडलं. सुनेने डिकीतून पिशवी काढली आणि तिने माफी मागितली, म्हणून तिला शिव्या द्यायच्या राहून गेल्या. मी किल्ली म्हाताऱ्यापुढे धरली. "ठेवा दोन्ही. पुन्हा अडकाल."

"दावं तुमचंच. ते आमी घेत नसतो," तो म्हणाला. "पुन्हा अडकलो तं तुमी या. गाडी हाये ना आता."

मग त्याची नजर नव्या गाडीवर गेली. तो पुन्हा वीस पावलं लांब जाऊन बसला, पाहिलं, उलटा फिरला, चाकांशी वाकला. ती फुगीर, चकचकीत वस्तू त्याच्या पारखीखाली बिचारी वाटत होती. शेवटी त्याने बोनेटवर तळवा ठेवला.

"खोड सांगा, मालक."

मला सनरूफ सांगता आलं असतं, स्टेपनी सांगता आली असती. पण त्याचा हात बोनेटवर होता.

"डाव्या पायाले काम देत नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि बैलांची जोड लावताना माणूस जसा मान हलवतो तशी हलवली. "मंग जोड जमली म्हणा."

बायको हसली. सुनेने तोंड फिरवलं. मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की मी त्याचा चहासुद्धा घेतला नाही. राग यासाठी, की दोन महिने मी ज्या गोष्टीला तोंड देत नव्हतो, ती त्याने चार शब्दांत आणि बिनचूक सांगितली, आणि त्याला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

परतताना निर्मलचा घाट चढायला लागलो. या घाटात जुन्या गाडीला पहिल्या वळणाआधी तिसरा, दुसऱ्या वळणाआधी दुसरा गिअर लागायचा. नव्या गाडीने आपलं आपण काय ते केलं, मला विचारलंही नाही. पण प्रत्येक वळणाआधी, अगदी वेळेवर, माझा डावा पाय त्या पट्टीवर दाबला जात होता. पट्टी हलत नव्हती. तो दाबत होता. मी आयुष्यभर माणसांना, गाड्यांना, शोरूमवाल्यांना, जावयाला शिव्या घालत आलो. त्या पायाला मला शिवी घालता आली नाही.

"दाब रे, दाब," मी म्हणालो.

"कोणाशी बोलून राह्यले?" बायकोने विचारलं.

"खोडीशी."

तिने मागच्या सीटवर बांधलेल्या ज्वारीकडे वळून पाहिलं आणि म्हणाली की परवाच्या बाजाराला त्या जागेवर कासऱ्यांची दोन बंडलं तरी बसतील.